गेममधली अनामत

मोबाइलवर गेम खेळणाऱ्या मुलाने मिळवलेली नाणी, पार केलेले टप्पे, खेळाडूला दिलेले नाव, आवाज चालू की बंद, इतकी सगळी माहिती एकत्र केली तरी ती एखाद्या एसएमएसमध्ये मावेल. म्हणजे फार तर दीडशे अक्षरे. एवढ्याशा माहितीवर लेख कशाला, असे कुणी विचारेल. पण ही माहिती कुठे ठेवायची, कशी जपायची आणि ती कुणाच्या ताब्यात असावी, हा प्रश्न आज आपल्या घराघरातल्या मुलांशी जोडलेला आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ही माहिती खेळणाऱ्याची आहे. ती त्याच्याच फोनमध्ये, त्याच्या हाताशी राहिली पाहिजे. आणि ती जपण्याच्या निमित्ताने गेम बनवणाऱ्याने त्याच्याकडून दुसरे काहीही मागू नये.

मी अंबरनाथला संध्याकाळी कॉम्प्युटरचे क्लास घेतो. अलीकडे मुलांना गेम बनवायला शिकायचे असते. अकरावी-बारावीतली, आयटीआयची, कॉलेजची पोरे येतात. प्रत्येक बॅचमध्ये एक प्रसंग न चुकता घडतो. मुलाचा पहिला गेम तयार होतो, चेंडू उडतो, गुण वाढतात, तो खूश होऊन मित्राला दाखवायला फोन पुढे करतो आणि ओरडतो, "सर, स्कोअर शून्य झाला!" गेम बंद करून पुन्हा उघडला की सगळे गेलेले असते. मग त्याला समजावून सांगावे लागते की फोनच्या दोन प्रकारच्या आठवणी असतात. एक चालू कामापुरती. पाटीवर खडूने लिहिल्यासारखी. तास संपला की पुसली जाते. दुसरी वहीत लिहिल्यासारखी, फोन बंद केला तरी राहणारी. गुण पाटीवरून वहीत उतरवून घ्यावे लागतात. ते आपोआप उतरत नाहीत.

माझ्या पिढीने हे दुःख वेगळ्या रूपात सोसले आहे. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले व्हिडिओ गेम आले. सुट्टीत दिवसभर मारिओ खेळायचा, सहाव्या-सातव्या जगापर्यंत पोचायचे आणि नेमकी तेव्हाच लाइट जायची. पुन्हा पहिल्यापासून. त्या कॅसेटला वहीच नव्हती. नंतर नोकियाचे छोटे फोन आले. त्यातल्या सापाच्या खेळात सर्वात जास्त गुणांचा आकडा राहायचा. फोन बंद केला, बॅटरी काढून परत घातली, तरी आकडा तिथेच. मोहल्ल्यात एकाच्या फोनवर दुसरा आकडा करून जायचा आणि तो मोडण्यासाठी चार-चार दिवस झटापट चालायची. एवढासा आकडा टिकला म्हणून त्या खेळाला मान होता.

आजच्या गेममध्ये ही वही कशी असते? आपल्या स्वयंपाकघरातल्या फडताळाचे उदाहरण घ्या. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, साखर, चहापत्ती, मसूर. चिठ्ठी वाचायची, डबा काढायचा, आत काय आहे ते बघायचे. छोटी माहिती साठवण्याची पद्धत अशीच आहे. 'नाणी' अशी चिठ्ठी, आत ३४०. 'टप्पा' अशी चिठ्ठी, आत १२. अँड्रॉइडमध्ये या सोयीला शेअर्ड प्रेफरन्सेस म्हणतात. आयफोनमध्ये तिचे नाव युजर डिफॉल्ट्स. युनिटी या गेम बनवण्याच्या साधनात तिला प्लेअरप्रेफ्स म्हणतात. त्यात पूर्णांक, अपूर्णांक आणि मजकूर असे तीनच प्रकार ठेवता येतात. शिकणाऱ्याला दोन ओळींत जमते. इंटरनेट लागत नाही, खाते लागत नाही, पैसे लागत नाहीत.

जमते इतक्या सहज, की पुढचा विचार कुणी करत नाही. प्लेअरप्रेफ्समध्ये टाकलेली माहिती साधारणपणे गेम नीट बंद होताना फोनच्या साठवणीत लिहिली जाते. पण फोनवर गेम 'नीट' बंद होतो किती वेळा? अम्मीचा फोन येतो, मुलगा बोलून घेतो, मध्ये व्हॉट्सॲप बघतो, आणि कमी मेमरीचा फोन मागे पडलेला गेम स्वतःच मारून टाकतो. बंद होण्याची वेळ गेमला मिळतच नाही. तासाभराची कमाई गेली. ज्याच्याकडे महागडा फोन आहे, त्याला हे क्वचितच दिसते. गेम बनवणाऱ्याच्या टेबलावर तोच फोन असतो, म्हणून त्यालाही दिसत नाही. ते दिसते वडिलांचा जुना फोन हातात आलेल्या पोराला. इलाज सोपा आहे. गेम पडद्याआड जाताक्षणी लिहायचे, आणि प्रत्येक टप्पा संपला की तेव्हाही लिहायचे.

दुसरी गोष्ट, लिहिता लिहिता बॅटरी संपली तर अर्धे लिहिलेले पान उरते आणि जुनेही वाचता येत नाही. गेमची नोंद मोठी असेल आणि ती स्वतंत्र फाइलमध्ये ठेवली असेल, तर नवीन नोंद आधी वेगळ्या फाइलमध्ये पूर्ण लिहायची आणि मग तिला जुनीच्या जागी बसवायचे. तोवर जुनीला हात लावायचा नाही. आपल्याकडचा कुठलाही जुना मुनीम हेच करत असे. नवी खतावणी पूर्ण उतरल्याशिवाय जुनी रद्दीत जात नसे. तिसरी गोष्ट, नोंदीवर तिच्या आवृत्तीचा आकडा हवा. सहा महिन्यांनी गेममध्ये बदल झाला, 'नाणी'चे 'मोहरा' झाले, तर नव्या गेमला जुनी चिठ्ठी ओळखता आली पाहिजे. नाहीतर अपडेट घेतले म्हणून पोराची शिल्लक शून्य होते. अपडेट घेणे हा काही गुन्हा नाही.

आईवडिलांनीही दोन गोष्टी माहीत करून घ्याव्यात. फोन भरला की आपण सेटिंगमध्ये जाऊन सफाई करतो. तिथे 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' अशी दोन बटणे शेजारी शेजारी असतात. पहिल्याने तात्पुरता कचरा जातो. दुसऱ्याने वहीच जाते. मुलाचा गेम रिकामा झाला की आपण म्हणतो, "काही केलं नाही रे मी," आणि ते खरेही असते, कारण बटणावर तसे स्पष्ट लिहिलेले नसते. दुसरे, अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून गेमची छोटी माहिती वापरणाऱ्याच्या स्वतःच्या गुगल खात्यात आपोआप जपली जाण्याची सोय आहे. एका ॲपला २५ एमबीपर्यंत. नवीन फोन घेतला की ती परत मिळू शकते. पण ही प्रत सहसा फोन निवांत पडलेला असताना आणि वाय-फायला जोडलेला असतानाच घेतली जाते. ज्या घरात वाय-फायच नाही, सगळे काही रोजच्या डेटापॅकवर चालते, तिथे ही सोय असून नसल्यासारखी. तिथे फोनमधली वही हीच एक वही.

आता एक आक्षेप घेतला जातो. हे सगळे फोनमध्ये कशाला ठेवायचे? कंपनीच्या सर्व्हरवर ठेवा. फोन हरवला, फुटला, तरी माहिती सुरक्षित. हा आक्षेप खोटा नाही. दहा जण एकमेकांविरुद्ध खेळतात अशा गेमचा हिशोब एका ठिकाणी ठेवावाच लागतो. नाहीतर कुणीही आपल्या फोनमधला आकडा बदलून राजा होईल. फोनमधली वही उघडून आकडा बदलणे जाणकाराला अवघड नसते. पण एकट्याने खेळायच्या गेममध्ये कुणी स्वतःची नाणी वाढवून घेतली, तर नुकसान कुणाचे?

साठवण कुठे असावी हे आमच्या भागातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. बारवी धरण पन्नास वर्षांहून जुने आहे. त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. आता ते ७२.६० मीटरला काठोकाठ भरते. त्याचे पाणी उल्हासनगर, अंबरनाथपासून कल्याण-डोंबिवली, ठाणे, मिरा-भाईंदरपर्यंत जाते. एवढे मोठे धरण जवळ असताना आमच्या इमारतींवर टाक्या का असतात? घरात पिंप का भरलेला असतो? कारण धरण आणि नळ यांच्यामध्ये नदी आहे, पंप आहेत, मैलोन्मैल नळ आहेत. दुरुस्तीसाठी एक दिवस पाणी बंद राहिले की धरण भरलेले असूनही तांब्या घरच्या पिंपातच बुडवावा लागतो. म्हणून धरण नको असे कुणी म्हणत नाही. पण धरण आहे म्हणून पिंप फोडा, असेही कुणी म्हणत नाही. गेम बनवणाऱ्या कंपन्या मात्र नेमके हेच म्हणत आहेत.

मागच्या वर्षी पावसाळा संपल्यावर आम्ही बहिणीच्या मुलांना घेऊन बदलापूरहून मुळगाव मागे टाकत बारवीच्या रस्त्याला गेलो होतो. पुढे डोंगर सुरू झाले आणि नेटवर्क गेले. थोरला भाचा वैतागला. "मामू, माझा गेम उघडतच नाही. इंटरनेट तपासा म्हणतोय." तो गेम फळे कापण्याचा. एकट्याने खेळायचा. त्याला इंटरनेट कशाला हवे? त्याला हवे होते, कारण मुलाची शिल्लक दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरवर होती आणि ती विचारल्याशिवाय गेम दार उघडत नव्हता. धाकटी मात्र जुना, साधा कोडी सोडवायचा गेम मजेत खेळत होती. काल जिथे सोडला होता, तिथूनच. खेळ दोन्ही छोटेच, मुलेही एकाच घरातली. फरक फक्त वही कुठे ठेवली याचा होता.

शिल्लक दुसऱ्याच्या हाती असली की काय होते, हे आपल्या देशाने मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली. त्यात पबजी मोबाइल होता. त्या वर्षी ३० ऑक्टोबरला त्याचे सर्व्हर भारतातल्या खेळाडूंसाठी बंद झाले. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. पण लाखो पोरांनी वर्षानुवर्षे जमवलेले, काहींनी खिशातले पैसे घालून घेतलेले, सगळे एका रात्रीत आवाक्याबाहेर गेले. २०२१ च्या जुलैमध्ये तोच खेळ बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या नावाने परत आला तेव्हा जुन्या खेळाडूंना आपली माहिती ठराविक मुदतीत नव्या खात्यात आणण्याची मुभा मिळाली. मिळाली, कारण कंपनीने दिली. न देती तर कुणाकडे जाऊन मागणार होते? पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवरही बंदी आली. तो गेम तर गावोगावच्या स्वस्त फोनवर चालायचा. पोरांना कळले की जे आपले म्हणून मिरवत होतो, ते आपले नव्हतेच. आपल्याला ते फक्त बघू दिले जात होते.

आणि सर्व्हरचा रस्ता एकेरी नसतो. शिल्लक जपायची म्हणून खाते उघडा, खाते उघडायचे म्हणून मोबाइल नंबर द्या, मग संपर्कांची यादी, मग ठिकाण. बारा नंबरचा टप्पा लक्षात ठेवण्यासाठी मुलाच्या मामाचा नंबर कशाला हवा? या घसरगुंडीचा शेवट कुठे होतो, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. जानेवारी २०१४ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांच्या आधारे बातम्या आल्या की अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तचर संस्था मोबाइल ॲप्समधून गळणारी माहिती गोळा करत होत्या. त्यात नाव होते अँग्री बर्ड्सचे. पक्षी फेकून डुकरे पाडायचा मुलांचा खेळ! बनवणाऱ्या रोव्हिओ कंपनीने सांगितले की आम्ही कुणाला माहिती देत नाही, जाहिरातींच्या जाळ्यांमधून ती जात असावी. दुसरे उदाहरण गेमचे नाही, पण या ब्लॉगच्या अनेक वाचकांच्या फोनमध्ये ते ॲप असेल. नोव्हेंबर २०२० मध्ये मदरबोर्ड या नियतकालिकाने दाखवून दिले की नमाजच्या वेळा आणि किब्ला सांगणाऱ्या मुस्लिम प्रो या ॲपमधून वापरणाऱ्यांची ठिकाणे एक्स-मोड नावाच्या माहिती विकणाऱ्या कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या ग्राहकांमध्ये अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बातमी आल्यावर ॲपवाल्यांनी तो संबंध तोडला. पण अजानची वेळ विचारणाऱ्याने आपला पत्ता लष्कराच्या कंत्राटदाराला देण्याची परवानगी कधी दिली होती?

दोन्ही वेळी लोकांनी काही मोठे गुपित दिले नव्हते. छोट्या छोट्या गोष्टीच दिल्या होत्या. म्हणून छोट्या माहितीला छोटे समजू नये, असे मी मुलांना सांगतो.

आता कायदाही याच दिशेने बोलू लागला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायद्याचे म्हणणे असे की ज्या कामासाठी माहिती मागितली, त्या कामाला लागेल तेवढीच घ्यायची. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे. फोनवरून वैद्यकीय सल्ला देणारे ॲप वापरणाऱ्याकडे संपर्कांची यादीही मागते. सल्ला देण्यासाठी ती लागत नाही, म्हणून त्या यादीपुरती संमती धरली जात नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकाची खातरजमा करता येईल अशी संमती हवी, आणि मुलांवर पाळत ठेवायला व त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. माझ्या क्लासमधला सतरा वर्षांचा मुलगा जेव्हा म्हणतो, "सर, गेमला लॉगिन टाकू या, प्रोफेशनल वाटतं," तेव्हा मी त्याला विचारतो, "लॉगिन टाकलंस तर उद्या हजार पालकांची संमती तू गोळा करणार आहेस का?" जी माहिती घेतलीच नाही, ती सांभाळावी लागत नाही, चोरीला जात नाही आणि तिच्यासाठी कुणापुढे उत्तर द्यावे लागत नाही.

इंटरनेटशिवाय धंदा चालत नाही, हे म्हणणेही मला पटत नाही. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा लुडो किंग २०१६ मध्ये आला आणि लॉकडाऊनमध्ये घरोघरी पोचला. त्यात ऑनलाइन खेळ आहेच, पण इंटरनेटशिवाय, एकच फोन चौघांनी फिरवत खेळण्याची सोयही आहे. आपल्या घरांची ओळख असलेल्या माणसाला असे सुचते. आपल्याकडे फोन एक आणि भावंडे तीन असतात. मग गेममध्ये तीन वेगळ्या वह्या का नसाव्यात? नाव लिहा, एक रंग निवडा, झाले. धाकट्याने 'नवीन खेळ' दाबले म्हणून थोरल्याची महिन्याची कमाई पुसली जाणार नाही आणि घरातले एक भांडण कमी होईल.

मराठीत अनामत हा शब्द आपण रोज वापरतो. खोली भाड्याने घेताना अनामत, ग्रंथालयात अनामत, निवडणुकीत अनामत. तो आला आहे अरबीतल्या अमानतवरून. घरी आपण अमानत म्हणतो आणि बाहेर अनामत, पण शब्द एकच आणि अर्थही एकच. दुसऱ्याची वस्तू, विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली, मागेल तेव्हा जशीच्या तशी परत द्यायची. लहानपणी शेजारीण हजला किंवा गावाला जाताना डबीत दागिने ठेवून जायची. घरातले कुणी ती डबी उघडून बघतही नसे. तिच्यात काय आहे हे माहीत नसणे, हाही प्रामाणिकपणाचाच भाग होता. मुलाने गेममध्ये ठेवलेली ३४० नाणी बाजारात कवडीमोल असतील. पण तो रोज अर्धा तास त्यासाठी घालवतो आणि उद्या ती तिथेच असतील यावर विश्वास ठेवून फोन ठेवून देतो. विश्वास पूर्ण किमतीचा आहे.

म्हणून गेम बनवणाऱ्यांकडे, आणि त्यात माझे विद्यार्थी आधी आले, माझ्या मागण्या साध्या आहेत. नोंद आधी फोनमध्ये ठेवा आणि वेळोवेळी लिहा, बंद होण्याची वाट बघू नका. सर्व्हरवरची प्रत ही जोड म्हणून, ज्याला हवी त्याला द्या. पासवर्ड किंवा फोन नंबरसारख्या गोष्टी त्या उघड्या डब्यांत कधीही ठेवू नका. खेळणाऱ्याला आपली नोंद एका फाइलमध्ये काढून दुसऱ्या फोनवर नेता आली पाहिजे, आणि पुसायची असेल तर एका बटणात, दोनदा विचारून, पुसता आली पाहिजे. गेम बंद करणार असाल तर आधी सांगा.

आणि एक पान द्या. बारवीत किती पाणी आहे हे जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही वर्तमानपत्रात रोज वाचतो. किती मीटर, किती टक्के, भरायला किती बाकी. पाणी आमच्या नळाला येणार आहे म्हणून ती पातळी विचारायचा आम्हाला हक्क वाटतो. तसे प्रत्येक गेममध्ये एक पान असावे. आम्ही तुमच्याबद्दल या पाच गोष्टी जपतो, त्या इथे ठेवल्या आहेत, याशिवाय काही नाही. साध्या मराठीत, मुलाला वाचता येईल असे. पालकांनी गेम उतरवून देताना ते पान आधी शोधावे. सापडले नाही तर तो गेम उतरवू नये.